सहापर्यंतचं तिकीट

आण्णाने पार्किंगवाल्याची कॉलर धरली तेव्हा आम्ही अजून जीपमधून उतरलोही नव्हतो. खिडकीतूनच धरली. तो बिचारा पावतीपुस्तक पुढे करून "शंभर रुपये, साहेब," एवढंच म्हणाला होता.

"गाडी हुबी करायचं शंभर?" आण्णा म्हणाला. "गाडी काय पवायला जानार हाय व्हय?"

पार्किंगवाल्याचं कपाळ एकदा दाराच्या पत्र्यावर आपटलं. मग आण्णाने त्याला सोडलं आणि शंभराची नोट त्याच्याच खिशात कोंबली. माझा भाऊ पैसे बुडवणारा नव्हता. पैसे तो द्यायचाच, पण घेणाऱ्याला घेतल्याचा पश्चात्ताप होईल अशा रीतीने द्यायचा.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ हणमंत. तरुणपणी तालमीत अंग कमावलेला, पुढे ऊस आणि म्हशींत रमलेला. त्याच्या शेजारच्या सीटवर माझा नवरा बसला होता. तोंडावर मी नवऱ्याला नावाने हाक मारत नाही, पण लिहिताना 'आमचे हे, आमचे हे' करत बसले तर गोष्ट पुढे सरकायची नाही, म्हणून प्रल्हाद. प्रल्हाद भोसरीच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. अंगाने काटकुळा, स्वभावाने गरीब, पण कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन ठिकाणी भाव विचारून घेणारा. मागच्या सीटवर मी, कमलवहिनी, माझी मेघना आणि चिन्मय, आणि आण्णाचा रणजित. माझ्या मांडीवर धपाट्यांचा स्टीलचा डबा होता. वहिनींनी पहाटे उठून धपाटी केली होती.

हायवेच्या कडेला ही 'मौजनगरी' उभी राहिली तेव्हा मेघना दीड वर्षाची होती. आता तिला नोकरी लागली आहे, म्हणजे बघा. मे महिन्यात मी माहेरी आले की एक दिवस मामाने भाच्यांना मौजनगरीला न्यायचं, हे तेव्हापासून ठरलेलं. पहिल्या वर्षी तिथे दोन घसरगुंड्या आणि हिरव्या पाण्याचा एक हौद होता आणि तिकीट होतं दीडशे. मग लाटांचा तलाव आला, अंधारी नळी आली, उंच मनोऱ्यावरून खाली सोडणारी एक जीवघेणी घसरगुंडी आली. खेळ एक वाढला की भाव दोनदा वाढायचा. आण्णा दरवर्षी खिडकीशी जाऊन, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात "सात द्या" म्हणायचा. त्या "सात द्या"ची मी वर्षभर वाट बघायची, हे आज सांगायला लाज वाटत नाही. पुण्यात मला कुणी काही असं मोठ्याने दिलं नव्हतं.

ही गोष्ट मेघना बारा वर्षांची असतानाची. त्या दिवशी सकाळी जीपमध्येच भावावरून बोलणं निघालं होतं.

"त्यापरीस आपल्या हिरीत पवली असती की पोरं," वहिनी म्हणाल्या. "पानी बी चांगलं, आन् इचारनारं कुनी न्हाई."

"विहिरीत लाटा कुठे असतात, मामी?" चिन्मय म्हणाला.

प्रल्हाद मोबाईलवर काहीतरी बघत होता. "अकरा खेळ आहेत," तो म्हणाला. "रांगा धरून दिवसात सात होतात. म्हणजे एका घसरगुंडीला जवळजवळ पावणेदोनशे रुपये पडले. घसरायला किती वेळ लागतो? धरा अर्धं मिनिट."

"दाजी," आण्णा म्हणाला, "भाचरांचं खेळनं मोजायचं नसतं."

मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी मागून नवऱ्याच्या खांद्याला चिमटा काढला. प्रल्हाद हसला. मग बाहेर रस्तारुंदीचं काम दिसलं तसं त्याने सहज विचारलं, "आण्णा, इकडं आता गुंठ्याला काय भाव चाललाय?"

आण्णाने गिअर असा टाकला की जीप हिसकली आणि रणजितचं नाक पुढच्या सीटवर आपटलं. रणजित कुरकुरला, तर आण्णाने मागे हात घालून त्याच्या कानाखाली एक वाजवली.

गुंठ्याचा विषय निघायला नको होता, हे मला त्याच वेळी कळलं. आबा, आमचे वडील, आदल्या मार्गशीर्षात गेले होते. आई आधीच गेलेली. वारस म्हणून जमिनीला आण्णाचं आणि माझं अशी दोन्ही नावं लागली होती, आणि येत्या सोमवारी तालुक्याला रजिस्ट्रीत जाऊन मी हक्कसोडीवर सही करायची होती. आमच्याकडे बहिणी हेच करतात. जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि माहेर ठेवायचं. आण्णाने फोनवर अर्धं वाक्य बोलायच्या आत मी हो म्हटलं होतं. मला जमीन नको होती, माहेर हवं होतं. मे महिन्यात कुणीतरी "आली का गं" म्हणणारं दार हवं होतं. आई-आबांच्या मागे ते दार एकाच माणसाच्या हातात राहिलं होतं, आणि त्या माणसाला राग आलेला मला परवडणारा नव्हता.

तिकिटाच्या खिडकीवर नवा फलक होता. मोठ्यांना बाराशे, लहानांना नऊशे, सुट्टीच्या दिवशी वर आणखी काही. रांगेतली माणसं फलक वाचून एकमेकांकडे बघत होती. आमच्यापुढचा एक माणूस बायकोला म्हणाला, "चल मागं. एवढ्यात घरात महिनाभर दूध येतंय." त्यांचं पोरगं भोकाड पसरून जमिनीवर लोळायला लागलं, तसं बापाने त्याला दंडाला धरून उचललं आणि पाठीत दोन धपके घातले. मारताना तो फलकाकडेच बघत होता.

आण्णाने खिशातून नोटांची गुंडाळी काढली. तिला रबर लावलेलं होतं. तो रांगेत शिरणार, तेवढ्यात प्रल्हादने मोबाईल पुढे केला.

"आण्णा, उन्हात नका उभं राहू. मी गाडीतच काढली तिकिटं. मोबाईलवर काढली की पंधरा टक्के कमी."

"काढली?"

"सगळी. सात."

"कुनाला इचारून?"

"त्यात काय विचारायचं? दरवर्षी तुम्हीच करता. भाव बघा कुठं जाऊन बसलाय. एक वर्ष आम्ही."

जावयाने सासुरवाडीला खिशात हात घालायचा नसतो, हे प्रल्हादला माहीत नव्हतं असं नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. पण भाव आता रीतीच्याही वर गेला, आता आण्णा मनातून सुटल्यासारखा होईल, असं त्याला वाटलं. चांगल्या मनाने केलं. माझा नवरा चांगल्या मनाने फार घोटाळे करतो.

"हे घ्या," आण्णा म्हणाला आणि सगळी गुंडाळी प्रल्हादच्या शर्टाच्या खिशात घातली.

"अहो, राहू द्या." प्रल्हादने काढून परत दिली.

आण्णाने परत घातली. प्रल्हादने परत काढायला हात घातला, आण्णाने तो वरूनच दाबला, आणि खिसा टर्रकन फाटून लोंबायला लागला. रबर तुटलं. नोटा पायांत उडाल्या. रांगेतली माणसं बघायला लागली आणि वहिनी खाली बसून नोटा गोळा करायला लागल्या.

"आण्णा, राहू दे की," मी म्हणाले. माहेरी आले की माझी जीभ आपोआप गावाची होते. "म्होरच्या वर्षी तू काढ."

आण्णाने माझ्याकडे बघितलं. "म्होरच्या वर्षी येनार हाईस तू?"

मी हसले. "येनार न्हाई तर जाईन कुठं?"

तो हसला नाही. त्याची मान गळ्यापासून वर लाल होत गेली. लहानपणी ती तशी झाली की मी आईच्या मागे लपायची.

गेटवर पिशव्या तपासत होते. बाहेरचं खाणं आत चालत नाही, असं तिथल्या रखवालदाराने सांगितलं आणि माझा डबा उघडून धपाटी शेजारच्या पिंपात उलटी केली. डबा मात्र पुसून, नीट झाकण लावून परत दिला. "भांडं घेऊन जा, मावशी," तो म्हणाला.

आण्णाने त्याला मारलं ते उघड्या पंजाने. आवाज असा झाला की तिकिटाच्या खिडकीतली मुलगी उठून उभी राहिली. रखवालदाराची टोपी पिंपात, धपाट्यांवर जाऊन पडली. आणखी दोघे धावत आले, एकाने आण्णाच्या पोटात काठी खुपसली, आण्णाने ती काठीच हिसकून घेतली. त्या दोघांच्या आणि आण्णाच्या मध्ये प्रल्हाद हात जोडून उभा राहिला, फाटका खिसा लोंबत असलेला.

"माफ करा हो," तो त्यांना म्हणाला. "गावाकडचे आहेत. सोडून द्या."

गावाकडचे आहेत. हे शब्द आण्णाने ऐकले, आणि ते त्याने ऐकले हे मी बघितलं. त्याने काठी खाली टाकली आणि आत गेला. रखवालदारांचं समाधान झालं. मला मात्र त्याने काठी फिरवली असती तर बरं वाटलं असतं.

आत सुती कपड्याने पाण्यात जाता येत नाही. नायलॉनचे कपडे भाड्याने घ्यावे लागतात. त्याचेही पैसे प्रल्हादनेच भरले, लॉकरचेही भरले, जेवणाच्या कुपनांचेही भरले. एकदा सुरुवात केली म्हटल्यावर तो थांबेना. वहिनींनी नायलॉनची चड्डी हातात धरून लांबूनच बघितली आणि परत दिली, मग लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन लाटांच्या काठावर पाय सोडून बसल्या. पोरं पाण्यात गेली ती दिसेनाशीच झाली. आण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. पाण्यात गेला नाही, जेवला नाही, मी आणून दिलेला वडापावही त्याने हातात घेऊन शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"खा की," मी म्हणाले.

"कुनाचा हाय?" त्याने विचारलं.

दुपारी ऊन उतरायला लागलं तेव्हा पोरांचे टॉवेल काढायला मी लॉकरकडे गेले. रिकामा डबा आत ठेवावा म्हणून हातातच होता. लॉकरच्या दोन ओळींमधल्या बोळात आण्णा आणि प्रल्हाद उभे होते. फरशी ओली होती. तिथे दुसरं कुणी नव्हतं, कारण तेवढ्यात लाटांचा भोंगा वाजला होता आणि सगळं जग तलावाकडे पळालं होतं.

"एकच सांगा, दाजी," आण्णा म्हणत होता. आवाज शांत होता. "वकील गाठलाय का?"

"कसला वकील?"

"सकाळी गुंठ्याचा भाव इचारला. मग तिकिटं काढली. माझं कायबी नको झालंय तुमास्नी. मानूस घ्यायचं कवा बंद करतो, मला कळतंय. वाटनी मागायची असली की बंद करतो. घेतलेलं अंगावर नको, मग तोंड वर करून मागता येतं."

प्रल्हाद हसला. घाबरला की तो हसतो, ही त्याची खोड मला लग्नानंतर वर्षभराने कळली. आण्णाला ती कधीच कळली नव्हती.

"आण्णा, तुम्ही पण ना," प्रल्हाद म्हणाला. "सात तिकिटांवरून कुणी जमीन मागतं का?"

पहिला ठोसा नाकावर बसला. नाक मोडल्याचा आवाज मी ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा. प्रल्हाद लॉकरच्या दारांवर जाऊन आदळला आणि खाली घसरला. मला वाटलं, झालं, संपलं. पण माझा तो काटकुळा नवरा, ज्याने उभ्या आयुष्यात झुरळ सोडून कशाला मारलं नव्हतं, तो उठला, डोकं खाली घातलं आणि आण्णाच्या पोटात घुसला. आण्णा मागे गेला. प्रल्हादने त्याच्या दंडाला दात लावले आणि सोडेना. नाकातलं रक्त त्याच्या ओठांवरून आण्णाच्या दंडावर उतरत होतं. कुणाचं रक्त कुठलं, ते कळत नव्हतं.

"सोड, भडव्या," आण्णा म्हणाला. "तुझ्या आयला, सोड."

चौदा वर्षांत तो प्रल्हादला पहिल्यांदा अरेतुरे बोलला. त्याने दुसऱ्या हाताने प्रल्हादचे केस धरले, त्याचं डोकं एका लॉकरवर आपटलं, मग परत आपटलं. दाराचा पत्रा आत गेला. प्रल्हाद पडला तसा आण्णा त्याच्या छातीवर बसला आणि दोन्ही अंगठे त्याच्या गळ्यावर ठेवले.

मी ओरडले. पलीकडे लाटांच्या तलावात शेकडो माणसं जिवाच्या आकांताने ओरडत होती, गाणी वाजत होती, भोंगा वाजत होता. माझं ओरडणं त्यातलंच एक होऊन गेलं. मौजनगरीत बाई किंचाळली म्हणून कोण धावत येणार? मी आण्णाचे केस धरून मागे ओढलं. त्याने न बघता कोपर मारलं आणि माझा ओठ फुटला. प्रल्हादच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. आधी जोरात, मग हळू.

मी डबा दोन्ही हातांनी धरला आणि कडेने घातला. आण्णाची भुवई फुटली. तो एका बाजूला कलंडला आणि प्रल्हादच्या घशातून घरघरत हवा आत गेली.

"मला मारलंस?" आण्णा म्हणाला.

"त्येंच्यापासनं लांब हो."

तो लॉकरला टेकून बसला. रक्त डोळ्यात जात होतं म्हणून त्याने तळहात भुवईवर दाबून धरला. त्याचा राग गेला होता. राग गेला की तो लहान मुलासारखा समजावून सांगायला लागतो, तसा सांगायला लागला.

"अकरा वर्सं आनतोय तुझ्या पोरास्नी," तो म्हणाला. "दीडशाचं बाराशे झालं तरी आनतोय. भाऊबीजंला साडी, पोरास्नी कापडं, हे पान्याचं खेळ. आबा जित्ते हुते तवापासनं. एका वर्साला तरी चुकलो का, सांग. आन् आता समदं फिटलं, सोमवार आला, तर ह्यो मधीच तिकिटं काढतोय."

"काय फिटलं?"

त्याने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मला एवढं साधं कळत नाही याचं त्याला खरंच नवल वाटलं.

"सहीचं," तो म्हणाला.

मी दुसऱ्यांदा डबा उचलला. तो घाव त्याच्या खांद्यावर बसला, आणि तो मी प्रल्हादसाठी घातला नव्हता. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा कुणीतरी मागून माझं मनगट धरलं. कमलवहिनी होत्या. कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक.

"बास, वन्सं," त्या म्हणाल्या. "मरंल त्यो."

औषधोपचाराच्या खोलीत दोन खाटा होत्या. त्यांवर दोघांना शेजारी शेजारी निजवलं. एकाच गठ्ठ्यातला कापूस एकाच्या नाकात गेला आणि दुसऱ्याच्या भुवईवर. मौजनगरीचा मॅनेजर आला. तरुण मुलगा होता, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर घाम. पोलिसांना बोलवू का, असं त्याने विचारलं. बोलवायची त्याची अजिबात इच्छा नव्हती.

प्रल्हादने माझ्याकडे बघितलं. त्याचा गळा निळा पडायला लागला होता आणि त्यावर दोन अंगठे उठले होते. त्याने आण्णाचं नाव घेतलं असतं तर मी त्याला अडवलं नसतं. मी मान खाली घातली नाही, की मानेने नाही असंही सुचवलं नाही. फक्त त्याच्याकडे बघत राहिले.

"घसरलो," प्रल्हाद म्हणाला. आवाज चिरकला होता. "फरशी ओली होती."

"आणि हे?"

"मी बी," आण्णा छताकडे बघत म्हणाला.

"दोघंही?"

"दोघंबी."

मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. पण लॉकरचं दार वाकलंय, त्याचे पैसे द्यावे लागतील, असं तो चाचरत म्हणाला. खाटांवरचे दोघेही एकदमच उठायला गेले आणि दोघांचेही हात खिशाकडे गेले. एकाचा खिसा फाटलेला होता. दुसऱ्याचा रिकामा होता. वहिनींनी कमरेचा बटवा काढला, सकाळी तिकिटाच्या रांगेत पायांतून गोळा केलेल्या नोटांतून मॅनेजरला हव्या तेवढ्या मोजून दिल्या आणि उरलेल्या परत आत ठेवल्या.

मग त्या मला बाहेर घेऊन आल्या आणि पदराच्या टोकाने माझा ओठ पुसला.

"माझ्या भावानं एक लुगडं दिलं हुतं," त्या म्हणाल्या. "काठापदराचं. आन् सही घिऊन गेला. मला तर पान्यात बी कुनी न्हेलं न्हाई, वन्सं."

त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला बरं वाटलं नाही.

मी आत जाऊन प्रल्हादला म्हणाले, "पोरांना बोलावते. आपण निघू."

"किती वाजले?"

"चार वाजून गेले."

"सहापर्यंतचं तिकीट आहे," नाकात कापूस घातलेला माझा नवरा म्हणाला. "पोरांना खेळू दे."

म्हणून मी तलावाच्या काठावर जाऊन बसले. पोरांना काही माहीत नव्हतं. भोंगा वाजायचा, लाटा उठायच्या, आणि गर्दीत माझी दोन आणि आण्णाचा एक अशी तीन डोकी वर-खाली व्हायची. रणजित चिन्मयला खांद्यावर घ्यायचा आणि पाण्यात फेकायचा. मेघना हात हलवून मला आत बोलावत होती. एवढी खूश ती पुढे फार कमी वेळा दिसली. आजूबाजूला बायका आपापल्या नवऱ्यांना म्हणत होत्या की महाग आहे, पण पोरं खेळली, पैसे वसूल झाले. माझेही झाले असं मी कुणाला म्हणू शकत नव्हते. मला त्या अकरा वर्षांतला एकेक मे महिना आठवत होता, खिडकीशी उभा राहून "सात द्या" म्हणणारा माझा भाऊ आठवत होता, आणि प्रत्येक वेळी मी त्याच्या मागे किती ताठ मानेने उभी होते ते आठवून अंगाची आग होत होती. रडू आलं नाही. आलं असतं तर सोपं गेलं असतं.

सहा वाजता भोंगा बंद झाला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मेघनाने बापाचं नाक बघितलं, मामाची भुवई बघितली, मग माझा ओठ. तिने चिन्मयचा हात धरला.

आण्णा जीपपाशी उभा होता. वहिनी आणि रणजित आत बसले होते. मी जीपमध्ये चढत नाही हे बघून तो माझ्यापर्यंत आला. प्रल्हाद पोरांना घेऊन लांब, फाटकापाशी थांबला होता.

"बस की गाडीत," आण्णा म्हणाला.

"आमी हितनंच यष्टीनं जातो. पिशव्या दे पाठवून."

तो थोडा वेळ बुटाने खडी उकरत राहिला. भुवईवरची पट्टी रक्ताने भिजली होती. मला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. चुकलं म्हणणार नाही, ते आमच्या घरात कुणी कधी म्हटलेलं नाही, पण दाजींना डॉक्टरला दाखव म्हणेल, ओठाला हळद लाव म्हणेल. तेवढंही चाललं असतं. मी वाट बघत होते.

"सोमवारी अकराला," तो म्हणाला. "रजिस्ट्रीपाशी. येतीस न्हवं?"

"न्हाई."

"म्हंजी वाटनी मागनार."

"न्हाई मागनार."

"मग?"

"आण्णा," मी म्हणाले, "तू एका वर्षीबी पोरास्नी हितं आनलं नसतंस, साडी दिली नसतीस, नुसतं 'आलीस का' म्हनला असतास, तरी मी सही किली असती."

त्याने खरंच विचार केला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि मला दिसत होतं की तो विचार करतोय, सगळं मनात परत एकदा मांडून बघतोय. मग त्याचा चेहरा मोकळा झाला, इतका मोकळा की दिवसभरात पहिल्यांदाच तो मला माझ्या भावासारखा दिसला.

"मग कर की," तो म्हणाला.

"आता न्हाई," मी म्हणाले, आणि पोरांच्या ओल्या टॉवेलांची पिशवी उचलून फाटकाकडे चालू लागले.